हंड्यांचा हिशेब

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माणदेशातल्या एका वाडीवर जायचा योग आला. बचत गटाच्या बायकांनी आग्रहानं बोलावलं होतं. तिळगूळ वाटून झाला, वाण लुटून झालं आणि गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘‘ताई, आता दोन शब्द बोला.’’ भाषणं देऊन माझाच मला कंटाळा आला होता. म्हणून मी उलट त्यांनाच विचारलं, ‘‘तुमच्या घरात दिवसाला किती हंडे पाणी लागतं?’’

एकदम शांतता. सगळ्या रोज पाणी भरणाऱ्या, पण हंडे मोजले होते कुणी! मग हळूहळू बोटं मोजली जाऊ लागली. एकीच्या घरी सहा माणसं आणि दोन म्हशी. पिण्याला अन् स्वयंपाकाला दोन हंडे, अंघोळींना पाच, भांड्यांना दोन, धुण्याला तीन. म्हशींना सात-आठ. म्हणजे झाले वीस! एक हंडा साधारण पंधरा लिटरचा धरला, तर तीनशे लिटर पाणी ही बाई रोज वाहते. हापसा अर्ध्या किलोमीटरवर. डोक्यावर हंडा, कडेवर कळशी.

‘‘आणि संडासाला?’’ मी विचारलं.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘आवं ताई, संडास बांधलाय की. सरकारनं पैसं बी दिलं. पर त्याला अजून चार हंडं लागत्यात. ती कुनी आनायची? त्यात सरपान ठिवलंय.’’

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. संडास बांधताना खर्च मोजला, विटा मोजल्या, फोटोही काढला. त्याला लागणारं पाणी कुणाच्या डोक्यावरून येणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मैत्रिणींनो, आपले सातारा आणि सांगली हे जिल्हे बाहेरच्यांना नेहमी हिरवेगार वाटतात. कृष्णा, कोयना, वारणा, ऊस, द्राक्षं! पण सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माण तालुका आहे, तिथे जेमतेम पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडे पर्जन्यछायेत माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके कोरडे राहतात. माणगंगा आणि येरळा या इथल्या नद्या. वर्षातला बराच काळ त्यांच्या पात्रात वाळूच दिसते.

२०१९ चं साल आठवून पाहा. उन्हाळ्यात जत-आटपाडीच्या बायका टँकरच्या मागे धावत होत्या आणि ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. एकाच जिल्ह्यात एकीच्या घरात पाणी शिरतंय आणि दुसरीच्या घरात यायला तयार नाही. त्याआधी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी गेलं. आपल्या जिल्ह्यानं परक्या जिल्ह्याची तहान भागवली, याचा अभिमान वाटलाच. पण मिरजेपासून काही तासांवर असलेल्या जतच्या पूर्व भागातल्या बायकांना काय वाटलं असेल, हा विचारही मनात आला.

आता स्वच्छतेचं बघू. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं ते २००० साली. ते सुरू करणारे तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील म्हणजे आबा, आपल्याच तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्या दिवसांत गावंच्या गावं हातात खराटा घेऊन रस्त्यावर उतरली होती. पुढे २००३ मध्ये केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला आणि आपल्या भागातल्या अनेक गावांनी तो मिळवला. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवायला ‘गुड मॉर्निंग पथक’ यायचं, ते आठवतंय ना? २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आलं, शौचालयाला बारा हजार रुपये मिळू लागले. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

या सगळ्याचं मोल बाईशिवाय कुणाला कळणार? अंधार पडेपर्यंत कळ सोसायची, रात्री जावं लागू नये म्हणून संध्याकाळी पाणीच प्यायचं नाही, रस्त्याकडेला बसलेलं असताना गाडीचा उजेड पडला की लगबगीनं उभं राहायचं. बाळंतिणीला, पाळी आलेल्या पोरीला, गुडघे धरलेल्या म्हातारीला तर केवढे हाल! पाणी कमी प्यायल्यानं लघवीची जळजळ, मुतखडे, हे सारं आपण ‘बायकांचं दुखणं’ म्हणून अंगावर काढत आलो. त्यामुळे घरात संडास आला, ही बाईसाठी मोठीच गोष्ट. पण त्यात पाणी नसेल तर त्याचं सरपणाचं कोठार होतं आणि बाई पुन्हा बांधाला जाते.

इथे एक साधी गोष्ट सांगते, जी गवंड्याला ठाऊक असते पण आपल्याला कुणी सांगत नाही. संडासाचं भांडं दोन प्रकारचं मिळतं. शहरातलं नेहमीचं भांडं उताराला कमी असतं. त्याला एका वेळेला आठ-दहा लिटर पाणी ओतावं लागतं. सहा माणसांच्या घराला दिवसाचे चार हंडे झाले, म्हणजे आजींचा हिशेब अगदी बरोबर होता! दुसरं असतं ते ‘ग्रामीण भांडं’. त्याचा उतार जास्त असतो आणि त्याला दीड-दोन लिटरमध्ये काम भागतं. सहा माणसांना एक हंडा, फार तर दीड. भांड्याची निवड चुकली, तर घरातली बाई आयुष्यभर रोज अडीच-तीन हंडे जास्त वाहते.

तीच गोष्ट खड्ड्याची. मोठी सेप्टिक टाकी बांधली की शान वाटते, पण तिला पाणी जास्त लागतं, ती भरली की उपसायला गाडी बोलवावी लागते. त्याऐवजी दोन शोषखड्ड्यांचा संडास दुष्काळी भागाला चांगला. एक खड्डा भरायला घरच्या माणसांप्रमाणे चार-पाच वर्षं लागतात. तो बंद करून दुसरा सुरू करायचा. वर्ष-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं सोनखत होतं. फक्त पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हापसा त्या खड्ड्यापासून किमान पन्नास फूट लांब हवा, एवढं सांभाळायचं.

आता मुख्य प्रश्न पाण्याचा. याबाबतीत आपला भाग गप्प बसलेला नाही. खानापूर तालुक्यात येरळेच्या काठावर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू ठेकेदार नेतात, मग त्या वाळूवर गावाचा हक्क का नाही, असा सवाल त्यांनी केला आणि वाळूच्या पैशातून, श्रमदानातून बंधारा उभा केला. मुक्ती संघर्ष चळवळ आणि डॉ. भारत पाटणकर त्यांच्याबरोबर होते. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट : ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांनाही पाण्याचा वाटा मिळाला. पाणी सातबाऱ्याला बांधलेलं नसावं, ते माणसाचं असावं, हा तो विचार. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, डॉ. पाटणकर यांनी हीच मागणी पुढे नेली. कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेसाठी लोक वर्षानुवर्षं झगडले.

अलीकडची उदाहरणं तर तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू राज्यात पहिलं आलं. २०१८ मध्ये माण तालुक्यातली टाकेवाडी पहिली आली. भर उन्हाळ्यात चर खणताना, माती वाहताना किती बायका दिसल्या! पाटी उचलायला बाई हवी असते, हे सगळ्यांना पटतं. पाण्याचा निर्णय घ्यायला बसताना मात्र तिचा विसर पडतो.

म्हणून जलजीवन मिशनचं थोडं सांगते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असं ठरलं आहे. मुदत आधी २०२४ ची होती, आता ती २०२८ पर्यंत नेली आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे अठरा हंडे. यात जनावरांचं पाणी धरलेलं नाही, हेही ध्यानात ठेवा. गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या असायला हव्यात. पाणी तपासायचं किट वापरायला गावातल्या पाच जणींना शिकवायचं आहे. शिवाय आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी, असा कायदाच आहे.

कायदा आहे, पण जातं कोण? त्या वाडीवर पुढे काय झालं ते ऐका.

२६ जानेवारीची ग्रामसभा आठवड्यावर आली होती. हळदीकुंकवातल्या हिशेबाचा कागद घेऊन पंधरा-वीस जणी महिला ग्रामसभेला गेल्या. मीही मागे बसले. एकीनं धीर करून पाणी समितीचं रजिस्टर मागितलं. ग्रामसेवकांनी नावं वाचली आणि चौथ्या नावाला एक बाई उठून उभी राहिली, ‘‘ह्ये तर माझंच नाव हाय!’’ समितीत आपण आहोत हे तिला तीन वर्षं माहीतच नव्हतं. सह्या घरी येऊन नेल्या होत्या आणि कशावर सही करतोय हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. हसू आलं सगळ्यांना, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग प्रश्न सुरू झाले. वरच्या वस्तीला नळ आहे, पण पाणी का चढत नाही? टाकी भरली की खालच्या आळीतच संपतं, हे बायकांना रोजच्या अनुभवानं ठाऊक होतं. पाण्यात टीसीएल पावडर कोण टाकतं, रोज टाकतं का? ओ.टी. टेस्ट केली तर पाणी पिवळं होतं का? आरोग्य खात्यानं गावाला हिरवं कार्ड दिलंय, पिवळं की लाल? शेवटच्या प्रश्नावर पुरुषांच्या बाकावरची कुजबुज थांबली. कार्ड पिवळं होतं. हे गावात फारच थोड्यांना माहीत होतं.

चमत्कार काही घडला नाही. पण एक व्हॉल्व्ह बसला आणि वरच्या वस्तीची पाळी वेगळी झाली. आता तिथे एक दिवसाआड सकाळी पाऊण तास पाणी येतं. पावडर टाकल्याची वही ठेवली जाते आणि ती ‘नाव सापडलेली’ बाई दर आठवड्याला बघते. एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की पुन्हा टँकर आहेच. त्यासाठी ओढ्यावर बंधाऱ्याची मागणी त्यांनी लिहून दिली आहे. ती मंजूर होईल की नाही, कोण जाणे. पण अर्जावरच्या सह्या या वेळी वाचून केलेल्या आहेत.

परवा आजी भेटल्या. ‘‘सरपान काढलं का?’’ मी विचारलं. म्हणाल्या, ‘‘काढलं. नातीला बरं पडतंय. पर भांडं शहरातलं हाय, ते बदलाया सांगितलंय पोराला.’’

मैत्रिणींनो, पाणी भरणं हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग पाण्यावर बोलायचा पहिला हक्क कुणाचा? उद्या सकाळी पाणी भरताना हंडे मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या महिला ग्रामसभेला तो आकडा घेऊन जा. तुम्ही नगरपालिकेच्या हद्दीत राहत असाल, तर तो तुमच्या नगरसेवकासमोर ठेवा. आणि एवढं नक्की करा, समितीच्या रजिस्टरमध्ये आपलं नाव आहे का, ते एकदा बघून या.