वैतरणेच्या पाण्यांतील पाहुणा

नाशिककरांस वैतरणा परकी नव्हे. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत उगम पावून ती पालघर जिल्ह्यांतून अरबी समुद्रास मिळते. याच नदीच्या खाडींत, मनोरनजीक, फेब्रुवारी 2024 मध्यें एका तरुण मच्छीमाराच्या पायास शार्क माशानें कडकडून चावा घेतला. मासा ‘बुल शार्क’ जातीचा असल्याचें तज्ज्ञांनीं सांगितलें. समुद्रांतला प्राणी नदींत जगतो कसा, असा प्रश्न आमच्या वाचकांस पडला असेल.

याचें उत्तर मिठांत आहे. काकडीस मीठ लावलें कीं तिला पाणी सुटतें. उलट मनुका पाण्यांत घातली कीं टम्म फुगते. अळणी रक्ताच्या प्राण्याची समुद्रांत काकडीसारखी आणि खारट रक्ताच्या प्राण्याची नदींत मनुकेसारखी गत व्हावयाची. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात. आपलें शरीर जो युरिया मूत्रावाटें टाकून देतें, तोच शार्क मासा रक्तांत साठवितो आणि समुद्राशीं तोल सांभाळतो. जादा मीठ तो आंतड्याच्या शेवटच्या भागास जोडलेल्या एका ग्रंथीवाटें बाहेर टाकतो.

गोड्या पाण्यांत मात्र हा संचय आंवरावा लागतो. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन नदींतील व समुद्रांतील बुल शार्कांचें रक्त रिचर्ड पिलन्स आणि क्रेग फ्रँकलिन यांनीं तपासलें. 2004 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनांत, नदींतील माशांच्या रक्तांत युरिया समुद्रांतील माशांच्या सुमारें निम्मा आढळला. तरीही तें रक्त नदीच्या पाण्याहून खारटच राहतें. म्हणून आंत शिरणारें पाणी मूत्रपिंडें पातळ व विपुल मूत्रावाटें सतत बाहेर काढतात.

एवढा खटाटोप कशासाठीं? पिलांसाठीं. मोठ्या शार्कांचें भय नदीमुखाशीं कमी असतें. म्हणून माद्या तेथें वितात आणि पिलें कांहीं वर्षें तेथेंच वाढतात.

आपल्या जिल्ह्याचा संबंध येथें पुन्हां येतो. इगतपुरी तालुक्यांतील ऊर्ध्व वैतरणा धरणाचें पाणी मुंबईकर पितात. वर गोडें पाणी अडलें कीं खालीं खाडीचें खारेपण पुढें सरकतें आणि त्यासवें माशांचीं ठिकाणेंही बदलूं शकतात. पोटासाठीं खाडींत उतरणाऱ्या माणसास सावध राहण्याची जागा कळावी, आणि भीतीपोटीं दिसेल तो शार्क मारला जाऊं नये, यासाठीं महिनोमहिने पाण्याचें मीठ मोजून नोंदी ठेवणारे विद्यार्थी हवेत. अशा तरुणास घरांतील वडीलधाऱ्यांनीं ‘मासे मोजून पोट भरतें काय?’ असें विचारूं नये, एवढीच आमची विनंती आहे.