हद्द आदल्या रात्री ठरवावी

मांजरसुंबा-केज रस्त्यावरचे आमचे नेकनूर आठवडी बाजारामुळे पंचक्रोशीत ओळखले जाते. बाजारच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एक गिऱ्हाईक तागा उलगडून दाखवा म्हणते, दुसरे भाव पाडून मागते आणि तिसरे, जुन्या ओळखीचे, पिशवी काखेत मारून म्हणते, "सेठ, वहीत मांडून ठेवा." त्या गर्दीत दुकानदाराच्या तोंडून "बरं" निघून जाते.

आमची तीस वर्षे कापडाच्या धंद्यात गेली. या काळात आमचे जे निर्णय अंगाशी आले, त्यांतील बहुतेक घाईत, भिडेपोटी किंवा हव्यासापोटी घेतलेले होते. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे एकच सांगणे आहे. माल किती भरायचा, उधारी किती द्यायची आणि घरखर्चाला किती उचलायचे, या तिन्हींची हद्द आदल्या रात्री, दुकान बंद झाल्यावर, वहीत लिहून ठरवावी. दुसऱ्या दिवशी ती मोडू नये.

आमची चूक

२०१८ सालच्या ऑगस्टमध्ये एका दलालाने दिवाळीच्या मालावर जादा सवलत आणि नव्वद दिवसांची मुदत देऊ केली. आदल्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला होता आणि त्या वर्षी पाऊस ओढ देत होता. हे आम्हाला दिसत होते, पण नजर सवलतीवर होती. घरात कोणाला न विचारता, जुना माल न मोजता आम्ही दुपटीने माल मागवला. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीड जिल्ह्यातील तालुके होते. आठवड्याने दिवाळी आली आणि गेली. तागे फळीवर तसेच राहिले. मुदत मात्र भरली. शेवटी घरातील दागिने मोडून ते देणे फेडावे लागले.

दोष दलालाचा नव्हता. माल विकणे हे त्याचे काम होते. "किती" हे ठरवणे आमचे काम होते आणि ते आम्ही त्याच्यावर सोडले. त्यानंतर आम्ही नियम केला की मोठ्या खरेदीला त्याच दिवशी होकार द्यायचा नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची, शिल्लक माल मोजायचा आणि घरात बोलायचे.

उधारी कशावर उभी आहे?

आमच्या भागातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. जाण्यापूर्वी मुकादम एका कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, उचल देतो. त्या दिवसांत गावात रोख पैसा फिरतो. नंतर कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत गल्ला थंड असतो. माणसे परतली की लग्नसराई सुरू होते आणि "पुढच्या उचलीवर देतो" या वायद्यावर कापड मागितले जाते.

येथे दुकानदाराने समजून घ्यावे की उचल हेही एक कर्जच आहे. पाऊस कमी झाला की ऊस कमी, ऊस कमी झाला की हंगाम लवकर संपतो आणि उचल फिटत नाही. मजूर मुकादमाचे देणे डोक्यावर घेऊनच घरी येतो. मग दुकानदाराची पाळी कधी येणार? माणूस बेइमान नसतो, पण त्याचा वायदा पावसावर उभा असतो.

आता हिशोब पाहा. हजार रुपयांच्या विक्रीतून मालाची किंमत, भाडे, वीज, मजुरी वजा जाता समजा शंभर रुपये हाती राहतात. दोन हजारांची एक उधारी बुडाली, तर ती भरून काढायला वीस हजारांचा माल विकावा लागतो. हा आकडा आम्ही गल्ल्याच्या झाकणावर आतून चिकटवला आहे.

आमची हद्द अशी आहे. पुढच्या दोन महिन्यांत ठोक व्यापाऱ्याला जे द्यायचे ते आधी बाजूला काढायचे. जे उरेल त्यातूनच उधारी. जुनी बाकी असताना नवी नाही. रक्कम, तारीख आणि गिऱ्हाइकाची सही वहीत हवीच. सख्ख्या भावाचीही सही घेताना लाजू नये. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत अडचणीतील कर्जदाराला सवड देण्यास सांगितले आहे. या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. ज्याची स्वतःची मुदत गळ्याशी आली आहे, तो दुसऱ्याला सवड कोठून देणार? हद्द पाळणारा दुकानदारच दुष्काळात मोठे मन दाखवू शकतो.

ईदचा माल आणि ऋतू

मालाची हद्द ठरवताना गेल्या वर्षाची आठवण पुरत नाही. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. २०१५ मध्ये रमजान ईद १८ जुलैला होती. तेव्हा गावकऱ्यांचा पैसा पेरणीत गेलेला असे. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला आली, म्हणजे तोडणी संपण्याच्या बेतात. येत्या काही वर्षांत ती फेब्रुवारीत आणि मग जानेवारीत सरकेल, तेव्हा तोडीची कुटुंबे कारखान्यावर असतील. म्हणून दर वर्षी माल भरण्यापूर्वी दिनदर्शिका समोर ठेवावी आणि त्या दिवसांत कोणाच्या हाती पैसा असेल ते पाहावे. जकातीसाठी वर्षातून एकदा मालाची मोजदाद होतेच. त्याच वेळी न खपलेल्या मालाची वेगळी यादी करावी. ती यादी म्हणजे आपल्या चुकांचा आरसा.

कारागीर बांधवांनाही हेच लागू आहे. ईदच्या तोंडावर टेलर येईल ते कापड घेत जातो आणि चाँदरातीला लोक दारात भांडत उभे राहतात. आमच्या शेजारच्या एका कारागिराने दिवसाला किती जोड होतात ते मोजले, ईदपर्यंतचे दिवस धरले आणि तेवढ्या पावत्या संपल्यावर नवे कापड घेणे बंद केले. पहिल्या वर्षी काही गिऱ्हाइके रागावली. पुढच्या वर्षी तीच शाबानमध्ये कापड घेऊन आली.

गल्ला आणि घर

सर्वांत अवघड शिस्त घरची. आता पैसा मोबाइलवर येतो, त्यामुळे दुकानाचे कोणते आणि घरचे कोणते हे कळेनासे झाले आहे. दुकानाचे खाते वेगळे ठेवावे आणि दुकानात लावायचा कोड त्याच खात्याचा असावा. घरासाठी महिन्याला ठरलेली रक्कम एकदाच काढावी. मुलीच्या लग्नासाठी दर महिन्याला थोडे वेगळे टाकत जावे. ऐन वेळी मंडपाच्या झगमगाटासाठी गल्ल्यात हात घातला, तर तो पैसा ठोक व्यापाऱ्याचा असतो, आपला नव्हे. ती त्याची अमानत आहे.

यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, आजही आकडे उर्दूतच मांडतो. वही, पेन आणि रोजची पंधरा मिनिटे पुरतात. पुढच्या बाजाराच्या आदल्या रात्री बसून पाहा. उद्या किती उधारी द्यायची तो आकडा लिहा आणि संध्याकाळी पडताळा. एखाद्या बाजाराला हद्द मोडलीच, तर तेही वहीत लिहावे. चार बाजारांनंतर आपण कोणाच्या शब्दाला आणि कोणत्या मोहाला भुलतो, ते वहीच सांगेल.