बक्षीस एकदा, व्याज दरमहा

वयाची १८ वर्षे पूर्ण होऊन कॉलेजात गेलात, की ‘खर्च करा, बक्षीस मिळवा’ अशा क्रेडिट कार्डाच्या जाहिराती तुम्हाला खुणावू लागतील. स्वतःचे उत्पन्न नसेल, तर बँका बहुधा मुदतठेवीच्या तारणावर कार्ड देतात. पण ते निवडण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या.

समजा, बक्षीस खर्चाच्या १ टक्का आहे आणि तुमचा महिन्याचा खर्च ३,००० रुपये. वर्षाचे झाले ३६,००० रुपये. बक्षीस ३६० रुपये. कार्डाची वार्षिक फी ५०० रुपये असेल, तर १४० रुपये पदरचेच गेले! म्हणून पहिले कार्ड बिनफीचे बरे.

आता दुसरी बाजू पाहू. बिल मुदतीत पूर्ण भरले, तर खरेदीवर व्याज नाही. बिलावरील ‘किमान रक्कम’ तेवढी भरली, तर दंड टळतो; व्याज टळत नाही. समजा, व्याज दरमहा ३.५ टक्के आहे. वर्षाचे ४२ टक्के? नव्हे! चक्रवाढीमुळे १.०३५ चा बारावा घात घ्यावा लागतो. तो येतो सुमारे १.५१, म्हणजे ५१ टक्के! काहीच न भरल्यास सुमारे २० महिन्यांत बाकी दुप्पट होते. किरणोत्सारी पदार्थ ठरावीक काळाने निम्मा होतो ना? गणित तेच, दिशा उलटी.

घरच्या एखाद्या कार्डाचा मासिक व्याजदर शोधा आणि ७२ ला त्याने भागा. दुपटीचे महिने साधारणपणे कळतील. मग बक्षिसाकडे वळा.