दिवस गेल्यावर हिरड्यांतून रक्त का येतं?

दुसऱ्या महिन्यापासून अनेकींना दात घासताना रक्त दिसू लागतं. घाबरून त्या ब्रश हलका करतात, काही जणी तर नुसतं बोट फिरवतात. त्यामुळे दातांच्या मुळाशी साचलेला जंतूंचा चिकट थर तिथेच राहतो आणि हिरडी आणखी सुजते.

पण सगळा दोष अस्वच्छतेचा नाही. १९६३ साली लो आणि सिलनेस या संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या हिरड्या तपासल्या. सूज दुसऱ्या महिन्यापासून चढत जाऊन आठव्या महिन्यात सर्वाधिक होते, असं त्यांना दिसलं. प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन वाढलं की हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. गर्भ सांभाळून घेण्यासाठी शरीराची प्रतिकारशक्तीही आपली चाल बदलते, त्यात जंतूंवर तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा जोर काहीसा ओसरतो. त्यातच प्रिव्होटेला इंटरमीडिया हा जंतू भलताच संधिसाधू: त्याला वाढीसाठी के जीवनसत्त्वासारखा घटक लागतो, आणि त्याऐवजी तो आईची हॉर्मोन्सही वापरू शकतो.

यावरचा उपचार म्हणजे स्केलिंग. त्यात डॉक्टर दातावरचं आणि हिरडीखालचं किटण खरवडून काढतात. प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंचा आसराच जातो, त्यांची संख्या घटते. चिथावणारंच कमी झाल्यावर हिरडीतली दाहक रसायनंही उतरतात आणि रक्त थांबू लागतं.

हा फायदा रक्तापर्यंत, गर्भापर्यंत पोचतो का? अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. निम्म्या जणींचे उपचार एकविसाव्या आठवड्याआधी झाले, बाकीच्यांचे बाळंतपणानंतर. मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण १२ आणि १२.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. रक्तातल्या दाहाच्या खुणाही फारशा हलल्या नाहीत. तेव्हा ‘दात साफ करा, बाळ पूर्ण दिवसांचं होईल’ असं कुणी सांगत असेल तर ती अतिशयोक्ती समजावी. त्याच चाचणीत उपचारांनी हिरड्या सुधारल्या आणि गर्भाला अपाय झाला नाही, हेही दिसलं. माझ्या मते दवाखान्यात जायला एवढं कारण पुरेसं आहे.

सोयीचा काळ चौथा ते सहावा महिना. ठणका लागला तर मात्र महिने मोजत बसू नये. लिग्नोकेनचं भुलीचं इंजेक्शन गरोदरपणात चालतं. नंतरच्या महिन्यांत खुर्चीत उताणं न झोपता उजव्या कुशीखाली उशी घेऊन डावीकडे कलावं, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येत नाही.