मनोऱ्यावरून थेट मोबाइलवर

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक पाहत होते. सामना एकच, पण इंटरनेटला तो प्रत्येक फोनकडे वेगळा धाडावा लागत होता. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावरील टीव्ही मनोऱ्याचे गणित नेमके उलटे असे. दहा घरे पाहोत की लाख, प्रक्षेपणाचा खर्च तेवढाच. हेच गणित फोनला लावण्यासाठी, म्हणजे इंटरनेटशिवाय थेट चित्र पोचवण्यासाठी, प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर धडपडत आहेत. या तंत्राला ‘डायरेक्ट टू मोबाइल’ म्हणतात.

अडचण अँटेनापासून सुरू होते. टीव्ही प्रक्षेपणाच्या ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर. तिच्या पाव भागाइतका, १५ सेंटिमीटरचा अँटेनाही फोनमध्ये नीट मावत नाही. शिवाय गच्चीवरचा अँटेना उंच आणि मनोऱ्याकडे रोखलेला असतो, फोन मात्र खिशात किंवा एसटीत. म्हणून सिग्नल कितीतरी दणकट हवा. मिरजेच्या सपाटीवर हे जमेल. जावळी किंवा कोयनेच्या खोऱ्यात डोंगराआड एकाच वारंवारितेवर, एकाच ठेक्यात चालणारे छोटे मनोरे उभारावे लागतील.

खरी गाठ पैशाची आहे. अमेरिकेत क्वालकॉम कंपनीची अशीच ‘फ्लो टीव्ही’ सेवा ग्राहकांअभावी मार्च २०११ मध्ये बंद पडली. जपानमध्ये २००६ पासून ‘वनसेग’ रुजली, कारण सेवा फुकट होती आणि तिची चिप बहुतेक फोनमध्येच बसवलेली असे. आपल्याकडे दूरसंचार कंपन्या डेटा विकून कमावतात, त्यांना फुकटचा सामना परवडत नाही; फोन बनवणाऱ्यांना जादा चिपचा खर्च नको. फोन नाहीत म्हणून प्रक्षेपण नाही आणि प्रक्षेपण नाही म्हणून फोन नाहीत. सरकारने ठामपणे पुढाकार घेतल्याशिवाय हे सुटणार नाही.

आपल्या सातारा-सांगली भागाला या तंत्राची निकड सामन्यांपेक्षा महापुरासाठी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. वीज गेली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात आणि उरलेल्या टॉवरवर गर्दी होते. डोंगरावरचा एक मनोरा जनरेटरवर चालू राहिला, तर पाणीपातळी आणि निवाऱ्याची ठिकाणे हजारो फोनवर एकदम पोचतील.

जानेवारी २०२४ मध्ये १९ शहरांत चाचण्या घेण्याचे जाहीर झाले. प्रसार भारतीने एक चाचणी भर पावसाळ्यात अजिंक्यताऱ्यावर आणि मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर घ्यावी. दोन्ही जिल्ह्यांच्या खासदार-आमदारांनी ही मागणी लावून धरावी.