पोट न फाडता: स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेची नवी वाट

जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड आपल्या बोलण्यात येते ते बहुधा मधुमेहाच्या निमित्ताने. पण अन्न पचवणारी जालीम विकरेही तेच तयार करते. पित्ताशयातला खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला, दारूचा अतिरेक झाला किंवा रक्तातली ट्रायग्लिसराइड्स हजाराच्या वर गेली, की ही विकरे आतल्या आत जागी होऊन स्वादुपिंडालाच पचवू लागतात. पोटात उठलेली कळ थेट पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. हाच स्वादुपिंडाचा तीव्र दाह.

यातले सुमारे ८० टक्के रुग्ण सलाइन, वेदनाशामके आणि पोटाला झेपेल तसा आहार एवढ्यावर बरे होतात. उरलेल्यांपैकी अनेकांच्या स्वादुपिंडाचा काही भाग आणि भोवतालची चरबी मरते. त्या मृत भागात जंतू शिरले की ताप हटत नाही, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे थकतात.

बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. पुढे विसाव्या शतकात बराच काळ सर्जनचा खाक्या एकच होता: पोट उघडायचे, मेलेला भाग बोटांनी खरवडून काढायचा, पोकळी धुऊन घ्यायची. मेलेले आणि जिवंत यांतली सीमा आजाराच्या सुरुवातीला धड ठरलेली नसे. ओढायला गेले की रक्तवाहिनीच फाटे. मेक्सिकोतल्या ३६ रुग्णांच्या अभ्यासात (१९९७) पहिल्या तीन दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावले; किमान बारा दिवस थांबलेल्यांत हे प्रमाण सुमारे चौथाई होते. गळू पिकल्याशिवाय फोडू नये, हे घरोघरचे शहाणपण इथेही खरे ठरले. साधारण चार आठवड्यांत मृत भागाभोवती जाड भिंत तयार होते आणि आतले तुकडे सुटे होतात.

थांबायचे ठरल्यावर पुढचा प्रश्न होता, आत शिरायचे कुठून. त्याचे ठोस उत्तर नेदरलँड्सने दिले. तिथल्या ८८ रुग्णांवरील ‘पँटर’ चाचणीत (२०१०) एका गटाचे पोट थेट उघडले, तर दुसऱ्यावर पायरीपायरीने उपचार केले. पहिली पायरी म्हणजे सीटी किंवा सोनोग्राफीत बघत, शक्यतो डाव्या कुशीतून, ड्रेनची नळी घालायची. त्यावर भागले नाही तरच पुढे. कुशीत सुमारे पाच सेंटिमीटरचा छेद घेऊन त्याच नळीच्या वाटेने दुर्बीण आत जाते. सुटे तुकडे चिमट्याने निघतात, चिकटलेल्यांना हात लावत नाहीत. हा मार्ग पोटाच्या पोकळीमागून जात असल्याने पू आतड्यांवर सांडत नाही.

गंभीर गुंतागुंत किंवा मृत्यू यांचे प्रमाण ६९ टक्क्यांवरून ४० वर आले. पायरी-गटातल्या ३५ टक्के रुग्णांचे काम निव्वळ नळीवर झाले. नवा मधुमेह आणि टाक्यांच्या जागी होणारा हर्नियाही घटला. मृत्यूचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले, हेही सांगायला हवे.

दुसरी वाट तोंडातून जाते. टोकाशी सोनोग्राफी असलेली एंडोस्कोपी जठरात नेऊन भिंतीपलीकडची पोकळी हेरतात, भोक पाडतात आणि डंबेलसारखा धातूचा स्टेंट बसवतात. गरज पडल्यास स्टेंटमधूनच दुर्बीण आत घालून तुकडे जठरात ओढतात. स्टेंट फार काळ ठेवला तर रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून तीन-चार आठवड्यांत पुन्हा स्कॅन करून तो काढायचा. ‘टेन्शन’ या डच चाचणीत (२०१८) दोन्ही वाटांवर मोठी गुंतागुंत व मृत्यू सारखेच दिसले, पण स्वादुपिंडाचा रस बाहेर झिरपत राहण्याचे प्रमाण कुशीच्या वाटेने ३२ टक्के होते. तोंडाच्या वाटेने ते ५ टक्के भरले.

२०२१ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. जंतुसंसर्ग दिसताच नळी घालण्याऐवजी अँटिबायोटिक्स देऊन थांबलेल्या गटात ३९ टक्के रुग्णांना नळीचीही गरज पडली नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी अशा संयमी उपचाराची बाजू २०१० मध्येच मांडली होती.

तेव्हा रुग्ण आयसीयूत असेल तर ‘ऑपरेशन कधी?’ असा धोशा लावू नका. सर्जन, एंडोस्कोपीतज्ज्ञ आणि नळी घालणारा रेडिओलॉजिस्ट एकाच छताखाली आहेत का, एवढे जरूर विचारा. नसतील तर रुग्ण हलवण्याजोगा असतानाच हलवा. आणि खड्यांमुळे सौम्य दाह होऊन गेला असेल, तर पित्ताशय शक्यतो त्याच मुक्कामात काढून घ्या. पुढचा झटका सौम्यच असेल याची हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही.