गोळीने कर्करोग टळतो का?

भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, हे दिसल्यावर गाजर-पालकातले बीटा-कॅरोटीन गोळीतून देऊन पाहायचे ठरले.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या, धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग घटला तर नाहीच, उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हे निष्कर्ष १९९४मध्ये प्रसिद्ध झाले.

अमेरिकेतल्या ‘कॅरेट’ चाचणीत आजी-माजी धूम्रपानी आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कातले कामगार असे १८,३१४ जण होते. बीटा-कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व दिलेल्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त निघाला. जानेवारी १९९६मध्ये, मुदतीच्या २१ महिने आधीच, गोळ्या बंद कराव्या लागल्या.

‘ई’ जीवनसत्त्वाचीही तीच गत. ३५,५३३ पुरुषांच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत ते घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

धूम्रपान करणाऱ्यांनी आणि ते सोडलेल्यांनी मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरचे घटक जरूर वाचावेत. त्यात बीटा-कॅरोटीन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नये. ताटातले गाजर मात्र बिनघोर खावे.